बोरसे सरांची दहा लाख एक

साक्रीच्या स्टँडवर एस.टी. लागली की आमचे गणिताचे बोरसे सर आधी तिचा नंबर वाचत, पाटी नंतर. नंबराचे अवयव पाडून होईपर्यंत गाडी सुटे आणि धुळ्याला निघालेले सर साक्रीतच राहत. आम्ही हसायचो. त्यांना त्याचं काही नसे. "गाडी दुसरी येईल गं, पण एवढी मोठी मूळ संख्या पुन्हा कधी भेटायची?" असं वर आम्हालाच ऐकवत.

आठवीत त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात १०००००१ लिहिली. "दहा लाख एक. उलटी वाचा, तीच. सम नाही. अंकांची बेरीज दोन, म्हणजे तीनने भाग जात नाही. शेवटी शून्य नाही की पाच नाही. आता सांगा, मूळ की संयुक्त?" हजाराच्या आतल्या बाकीच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की उत्तर मिळणार होतं. सरांनी त्या वर्गात वाटून दिल्या, प्रत्येकाला तीन-चार. दुसऱ्याच्या संख्येला हात लावायचा नाही, ही अट. "भाग जात नाही, हेही उत्तरच असतं. उभं राहून ठणकावून सांगायचं."

माझ्या शेजारच्या सिंधूला मात्र त्यांनी एकच दिली, एकशे एक. सिंधू डोंगराकडच्या गावातून यायची. तोंड उघडलं की अहिराणी येई, पोरं फिदीफिदी हसत, म्हणून तिने वर्गात बोलणंच टाकलं होतं. सरांना ठाऊक होतं, वाटलेल्या सगळ्या संख्यांत भाग जातो तो फक्त एकशे एकने. आम्ही सगळ्यांनी "नाही" म्हणायचं आणि शेवटी सिंधूने उठून "जातो" म्हणायचं, असा त्यांचा बेत होता. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

आमचे नकार देऊन झाले, तेव्हा सिंधू तापाने पडली होती. पोरं म्हणाली, "सर, तिची आम्ही करतो." एरवी आवाज न चढवणारे सर ओरडले, "तिची तीच करेल!" फळा पुसताना ते तेवढा कोपरा सोडत. मग एका सकाळी हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबले आणि त्यांना पुढे वाचवेना. सिंधू विषमज्वराने गेली होती.

दिवसकार्य झाल्यावर तिचे वडील शाळेत आले. वर्गाच्या दारातच उभे राहिले.

"मास्तर, ते दहा लाखनं गणित तिनी करेल व्हतं. उत्तर काय ते आमले नही सांगं. वर्गमाच सांगसू म्हने." मग त्यांनी विचारलं, "बरोबर व्हतं ना तिनं उत्तर?"

कृती पाहिल्याशिवाय सरांनी आजवर कुणालाच बरोबरची खूण दिली नव्हती.

"बरोबर होतं, भाऊ," ते म्हणाले. "या वर्गात कुणालाच जे सापडलं नाही, ते तिला सापडलं."

वडील मान हलवून गेले. सर खडू हातात धरून रडत राहिले, आमच्यादेखत. त्यानंतर त्यांनी वर्गात संख्या कधी वाटल्या नाहीत.