सखाच्या खांद्याचं खरं कारण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

सत्तरच्या दशकात आमच्याकडच्या धरणावर दरवाजांच्या दुरुस्तीचं काम निघालं होतं. माझा जिवलग दोस्त सखा डोक्यावर पाणबुड्याचा पितळी टोप चढवून पाण्याच्या तळाशी उतरायचा. मी वर बसून त्याच्या हवेची नळी सांभाळायचो, दाबाचा काटा बघायचो. काय दिवस होते ते! एकाच फडक्यात दोघांच्या भाकरी. सखा लेझीम असा खेळायचा, की शेजारचे आपली पावलं विसरायचे. अजून आठवलं की हसू येतं — आणि मग येत नाही.

खोल पाण्यातून माणूस एकदम वर काढत नसतात. अंगात मुरलेली हवा सुटावी म्हणून वाटेत थांबवायचं. किती वेळ, ते खोलीवर. त्याचा आमचा तक्ता फुटांत, दाबाचा नवा काटा मात्र किलोत आलेला. एका किलोला तेहतीस फूट, असं इंजिनिअरसाहेबांनी शिकवलं होतं. वर ताकीद — जी ओळ निघेल तिच्या पुढची, जास्त खोलीची धरायची. जरा वेळ गेला तरी चालेल.

त्या दिवशी जवळा बाजारला तंबूतला सिनेमा होता. मला घाई — आणि शहाणपणाचा ताठाही. तेहतीसने गुणायचा कंटाळा केला, तिसाने गुणलं; खोली कमीच निघाली. पुढची ओळ? साहेब उगाच घाबरतात, म्हटलं. वर यायची खूण म्हणून दोरीला झटका दिला. सखा लवकर वर आला, हसतच.

सिनेमात तो सारखा खांदा दाबत होता. "लई ठणकून राहिला रे," म्हणाला. मी काय केलं? त्याला बिडी दिली.

सकाळी त्याचा हात वर जाईना. साहेबांनी मला विचारलं, "पुढची ओळ धरली होती ना?"

"व्हय साहेब, बराबर धरली."

खरं बोललो असतो, तर त्याच दिवशी त्याला मुंबईला हलवलं असतं. तिथे दाबाच्या टाकीत ठेवून हे दुखणं उतरवतात, हे मला ठाऊक होतं. पण माझ्यावर भरवसा ठेवून साहेब म्हणाले, मुरगळला असेल, तेल चोळा. मला कशाची भीती होती? नोकरीची. दुसरं काही नाही.

सखाचा खांदा कायमचा धरला. लेझीम सुटली, पाणीही सुटलं.

त्याच्या आईला वाटलं, पाण्यातल्या साती आसरांचा कोप झाला. लेकाला पाण्यात धाडण्याआधी त्यांचा नैवेद्य आपल्याकडून राहिला. मग दरवर्षी ती हिरवा खण, बांगड्या, दहीभात घेऊन काठावर जायची. टोपली कोण धरायचं? मी. तिच्या हातचा दहीभात मी दरवर्षी खाल्ला.

शेवटच्या वर्षी तिला उतार उतरवेना, म्हणून मी हात धरला. पाण्याकडे बघत ती म्हणाली, "माह्याच हातून काई चुकलं असंल का रं, लेकरा?"

"असंल, मावशी," मी म्हणालो.