नियम वाचून पुन्हा लिहा

मी मूळची जळगावची. नोकरीसाठी चंदीगडला आले आणि इथलीच झाले. मोहालीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दिवस घालवायचा आणि उरलेल्या वेळात एक मेलिंग लिस्ट सांभाळायची, असं माझं बरीच वर्षं चाललं होतं. मेलिंग लिस्ट म्हणजे एक सामायिक पत्ता. त्यावर कुणी मेल पाठवला की तो सगळ्या सभासदांना जातो आणि त्याला दिलेलं उत्तरही सगळ्यांना जातं. आमची लिस्ट एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामची होती. खोलीतलं तापमान सेन्सरकडून घ्यायचं, नोंदवायचं आणि गरज पडली तर पंखा किंवा हीटर आपोआप चालू करायचा, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. शाळा, मशरूम पिकवणारे, शीतगृहवाले, हौशी मंडळी असे कुठकुठले लोक तो वापरायचे. प्रोग्राम लिहिणारे आम्ही चौघं-पाच जण. लिस्टवर शिस्त ठेवायचं काम बाकी कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं.

ते काम मला आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

नियमांचं पान मीच लिहिलं होतं. विषयाच्या ओळीत नेमका प्रश्न लिहा, ‘अर्जंट’ लिहू नका. दुसऱ्याच्या चर्चेत आपला प्रश्न घुसडू नका. आधीचा सगळा मजकूर शेपटासारखा जोडून पाठवू नका, लागेल तेवढाच ठेवा आणि उत्तर त्याच्या खाली लिहा. स्क्रीनचे फोटो नकोत. पत्ता-फोनसकट लांबलचक सही नको. विचारण्याआधी जुने मेल शोधा, ते इंटरनेटवर सगळ्यांना खुले आहेत. हे सगळं मी इतकं नेटकं लिहिलं होतं की दुसऱ्या दोन लिस्टवाल्यांनी माझी परवानगी घेऊन ते पान उचललं. त्या दिवशी मी खुशीत घरी पुरणपोळ्या केल्या होत्या.

या नियमांवर माझा जीव होता त्याला कारण होतं. बावीस वर्षांची असताना मी अशाच एका लिस्टवर पहिला प्रश्न विचारला होता. कुणीतरी एका ओळीत माझं पार पोतेरं केलं. तेव्हा मी सेक्टर पंधरामध्ये पेइंग गेस्ट होते. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग नियम पाठ केले, आणि पुन्हा कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही. मला कुणी चुचकारलं नव्हतं आणि तरी मी शिकले, असं मी स्वतःला सांगत राहिले. दुसऱ्यांनाही तेच लावायला ते पुरेसं होतं. मी सहीत फक्त आद्याक्षरं लिहायचे, त्यामुळे लिस्टवर सगळे मला ‘सर’ म्हणायचे. तेही मी कधी दुरुस्त केलं नाही.

एका डिसेंबरात एक मेल आला. विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत: हेल्प सर व्हेरी अर्जंट. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबद्दल आमची चर्चा चालली होती, नेमकी तिच्यातच तो घुसडलेला. खाली आठवड्याभराचे सगळे मेल जसेच्या तसे. मोबाइलनं काढलेले स्क्रीनचे तीन हललेले फोटो. शेवटी सहा ओळींची सही, तिच्यात हुद्दा, पत्ता, फोन. आणि मधे कुठेतरी मोडक्या इंग्रजीत दोन वाक्यं, की टेम्परेचर चुकीचं येतंय, कृपया आवश्यक ते करावं. लिहिणारा वर डोंगरात एका खासगी रोपवाटिकेत सुपरवायझर होता.

रविवारची दुपार होती. बाल्कनीत ऊन खात मी लॅपटॉप घेऊन बसले होते. उत्तर लिहिताना मला काहीही वाटलं नाही. ‘तुम्ही एका मेलमध्ये आमचे सहा नियम मोडलेत. फोटो कुणीही उघडणार नाही. इथे प्रत्येकजण स्वतःचा वेळ देतो, त्याचा मान ठेवा. नियम वाचून पुन्हा लिहा.’ खाली नियमांच्या पानाचा दुवा.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. माझ्या खांद्यावरून तिनं वाचलं.

“आई, आप किसी को डांट रही हो?”

“नाही गं, नियम सांगतेय.”

“सेम ही तो है,” असं म्हणून ती आत गेली.

संध्याकाळपर्यंत माझ्या उत्तराला आणखी चार उत्तरं आली. एकानं ‘सहमत’ एवढंच लिहिलं. दुसऱ्यानं त्या माणसाच्या इंग्रजीची नक्कल केली, त्यावर तिसरा हसला. नियमांच्या पानावर शेवटून दुसरी ओळ माझीच होती, की कुणाच्या भाषेची थट्टा करू नये. ती मोडलेली मला दिसली. मी गप्प बसले. खरं तर मीही हसले होते.

नऊ दिवसांनी त्याचा दुसरा मेल आला. तो मी आता इतक्यांदा वाचलाय की जवळजवळ पाठ आहे. नवा विषय, नेमका: ‘तापमान शून्याच्या खाली गेल्यावर उणे चिन्ह दिसत नाही’. सुरुवातीला एका ओळीत माफी. मग सेन्सर कुठला, आवृत्ती कुठली, काय केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं. भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरचा आकडा आणि शेजारी प्रोग्रामचा आकडा, अशा सात जोड्या. थर्मामीटर उणे एक दाखवतो तेव्हा प्रोग्राम एक दाखवतो. उणे दोनला दोन. फोटो नाही, शेपूट नाही, सहीसुद्धा नाही, नुसतं नाव. जुने मेल शोधले, असा प्रश्न आधी कुणी विचारलेला आढळला नाही, हेही लिहिलेलं. माझ्या नियमांबरहुकूम लिहिलेला इतका स्वच्छ मेल त्या लिस्टवर आधी कुणी पाठवला नव्हता.

त्याला कुणीही उत्तर दिलं नाही.

मी तो ऑफिसच्या कँटीनमध्ये राजमा-चावल खाताना फोनवर पाहिला. पाठवणाऱ्याचं नाव पाहून मनात आलं, हा पुन्हा. वरवर नजर टाकली आणि नंतर बघू म्हणून ताऱ्याची खूण करून ठेवली. बाकीच्यांनी तर उघडलाही नसावा. नाताळच्या सुट्ट्या आल्या, मग नवीन वर्ष आलं, आणि तो मेल खाली-खाली गेला.

पुढच्या हिवाळ्यात लिस्टवरच्या एका जुन्या, मानाच्या सभासदानं लिहिलं की त्याच्याकडे शून्याखालची मोजमापं उलटी येताहेत. मेल चार ओळींचा, घाईत लिहिलेला. आवृत्तीसुद्धा दिली नव्हती. मी तासाभरात उत्तर दिलं. आवृत्ती मी स्वतःच शोधून काढली. संध्याकाळपर्यंत चूक सापडली. एका विशिष्ट सेन्सरकडून आलेल्या आकड्याचं उणे चिन्ह आमच्याच प्रोग्राममध्ये गळून पडत होतं. दुरुस्ती दोन ओळींची होती. सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले, लिस्टवर सगळ्यांना एकेक ‘थँक्यू’ पाठवून, आणि तेव्हा मला कुठलाही नियम आठवला नाही.

दुरुस्तीच्या टिपणात आधी कुणी कळवलं असेल तर त्याचं नाव द्यायची आमची पद्धत होती. म्हणून मी जुने मेल शोधले. वर्षापूर्वीचा तो मेल समोर आला. सात जोड्या, शेजारी-शेजारी. मी खुर्चीत मागे टेकले ते बराच वेळ तशीच बसून राहिले. शेजारच्या सहकाऱ्यानं विचारलं, “सब ठीक है जी?” मी म्हटलं, “हां, पक्का.”

मग मी त्याचं नाव माझ्या खाजगी मेलमध्ये शोधलं. तिथेही एक मेल होता, दुसऱ्या मेलनंतर तीन आठवड्यांनी मला एकटीला लिहिलेला. ‘सर, या वेळीही माझ्याकडून एखादा नियम मोडला गेला का? सांगितलंत तर सुधारून पाठवीन.’ लिस्टवरच्या लोकांनी वैयक्तिक मेल पाठवू नयेत म्हणून मी एक आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं होतं. त्याला ते मिळालं होतं: वैयक्तिक मेलना उत्तर दिलं जात नाही, कृपया नियम वाचून लिस्टवर लिहा.

मी त्याला मेल लिहिला. उत्तर आलं नाही. त्याचा फोन नंबर फक्त पहिल्या मेलमध्ये होता, त्या लांबलचक सहीत. शनिवारी सकाळी नवरा आणि मुलगी बाजारात गेल्यावर मी फोन लावला. मी कोण हे सांगितलं.

“आप मैडम हैं?” तो म्हणाला. “मैं तो सर लिखता रहा. माफ करना जी.”

पहिली माफी त्यानंच मागितली. मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं, चूक आमच्या प्रोग्राममध्ये होती, ती आता सापडली. तो म्हणाला, “अच्छा. अच्छा जी.” मग मी न विचारताच, जराही आवाज न चढवता त्यानं झालेलं सांगितलं.

त्या रोपवाटिकेत बियाण्याचे बटाटे एका थंड खोलीत ठेवायचे. खोली फार गार झाली की हीटर लागायला हवा, त्यासाठी यानंच मालकाला आमचा प्रोग्राम सुचवला होता. कॉम्प्युटर तो स्वतःच शिकला होता. आकडे चुकताहेत हे लक्षात आल्यापासून तो दिवसातून चार-पाच वेळा खोलीत जाऊन थर्मामीटर पाहायचा आणि हातानं हीटर लावायचा. फेब्रुवारीत त्याची आई आजारी पडली म्हणून तो चार दिवस गावी गेला. जाताना मागच्यांना बजावून गेला, पण त्यांनी कॉम्प्युटर आहे ना म्हणून कानाआड केलं. बर्फात वीज गेली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा खोली उणे तीनवर होती. प्रोग्रामनं तीन वाचलं आणि हीटर लावला नाही. तो परतला तेव्हा सगळं बियाणं काळं पडून पाणी सुटलेलं होतं. मालकानं विचारलं, हे मशीन कुणाच्या सांगण्यावरून बसवलं? त्याला काढून टाकलं. आता तो मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसत होता.

“तुम्ही पुन्हा लिस्टवर का नाही लिहिलंत?” मी हिंदीत विचारलं. विचारल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली.

“मैडम, मैंने सोचा मुझसे फिर कोई गलती हुई है. आपके नियम मैंने प्रिंट करके दीवार पर लगाए थे. रोज पढ़ता था. समझ में नहीं आया कौन सा टूटा.”

मी म्हटलं, दुरुस्तीच्या टिपणात तुमचं नाव द्यायचंय, ही चूक सगळ्यात आधी तुम्ही शोधली. तो घाईघाईनं नको म्हणाला. नाव नको. त्याची मुलगी सेक्टर चौतीसमध्ये कोचिंगला होती. तिच्या मैत्रिणींनी सहज म्हणून एकमेकींच्या वडिलांची नावं इंटरनेटवर शोधली होती. त्याचं नाव टाकल्यावर सगळ्यात वर आमच्या लिस्टवरची ती चर्चा यायची, त्याचा पहिला मेल, माझं उत्तर आणि खाली त्याच्या इंग्रजीची नक्कल.

“वो हटा सकते हैं क्या? बस इतना कर दीजिए.”

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लगेच कामाला लागले. प्रोग्राम लिहिणाऱ्या बाकीच्यांपैकी दोघांचं म्हणणं पडलं की जुने मेल हा लिस्टचा इतिहास आहे, त्यात हात घालायचा नाही. तोही नियम माझाच होता. मी भांडले नाही, सरळ ती चर्चा काढून टाकली. त्यावरून आमच्यात जे वाजलं त्यात मी लिस्ट सोडली. पण आमच्या लिस्टच्या प्रती आणखी चार ठिकाणी ठेवल्या जायच्या, आमच्या हाताबाहेर. त्या चौघांना मी लिहिलं, विषयाची ओळ नेमकी, मजकूर मुद्देसूद. एकानं कळवलं की ते कुठलाही मेल काढत नाहीत. बाकीच्यांकडून काहीच आलं नाही. दोनदा आठवण केली. अजून आलेलं नाही.

महिन्याभरानं मी त्याला हे सांगायला फोन केला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला थांबायला सांगून तो बाहेर आला असावा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“चलो जी, आपने कोशिश तो की,” तो म्हणाला. मग, “मैडम, अब फोन मत करना. बार-बार याद आता है.”

मी बरं म्हटलं.

लिस्टचं पुढे फार काही झालं नाही. लोक हळूहळू चॅटच्या ग्रुपवर गेले, तिथे काल विचारलेलं आज सापडत नाही. लिस्ट सोडण्यापूर्वी मी नियमांच्या पानावर एक ओळ वाढवली होती, की नवख्या माणसाच्या मेलला दोन दिवसांत कुणीतरी उत्तर द्यावं, आणि ते देण्याआधी त्याचा प्रश्न वाचावा. ती ओळ नंतर कुणीतरी काढून टाकली. का काढली, ते विचारायला मी गेले नाही.

कंपनीतून परतताना मी कधीकधी सेक्टर चौतीसवरून येते. कोचिंग सुटायची वेळ असते. पाठीला दप्तरं लावलेल्या मुली घोळक्यानं मोमोच्या गाडीपाशी उभ्या असतात, हातात फोन असतात, काहीतरी शोधत एकमेकींना दाखवत हसत असतात. त्यातली त्याची मुलगी कोण, मला ओळखू येणार नाही. ओळखू आली असती तरी तिच्यापुढे जाऊन मी काय बोलले असते, हे मला आजही सुचलेलं नाही. सिग्नल हिरवा होतो, मागचा हॉर्न मारतो, आणि मी गाडी पुढे काढते.