हात काळे हायेत

“हात काळे हायेत, साहेब. तुमीच दाबा.”

स्कॅनर पुढे केला की मिस्त्री दोन्ही पंजे उघडून दाखवायचे. गाडीच्या संगणकाला जोडून बिघाड वाचायचं ते यंत्र. नव्या गाड्यांचं त्याच्यावाचून चालत नाही. राहुरीच्या एका वर्कशॉपचे ते हेडमिस्त्री. मालकानं बजावलं होतं, प्रमाणपत्र आणा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस घेतो. म्हणून पन्नाशी उलटल्यावर ते नगरला माझ्या वर्गात येऊन बसले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या बसण्यातच अदब असते. मी सेन्सर शिकवत होतो. मिस्त्री म्हणाले, “म्हंजी सासूच की. सोता काम करत न्हाई, पन समद्यांवर नजर.” वर्ग खो खो हसला. याहून चांगली व्याख्या मला आजवर सुचलेली नाही.

तुटलेली वायर ते सगळ्यांच्या आधी शोधायचे. स्कॅनरचा पडदा मात्र मला किंवा शेजाऱ्याला वाचायला लावायचे. एक दिवस ते साबणानं हात धुऊन आले आणि तरीही म्हणाले, “हात काळे हायेत.” त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी बटण दाबून पडदा वाचून दाखवला.

परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. स्कॅनर ज्याचा त्यानं चालवायचा, असा नियम होता. कुणाला वाचता येत नसेल तर पडदा वाचून दाखवायची सोय होती. मी फक्त तसं सांगायचं होतं. पण त्यांच्यासमोर माझा वर्ग कच्चा दिसला असता.

मिस्त्रींनी पंजे उघडले. “हात काळे हायेत, साहेब.”

मी खिशातून रुमाल काढला. “घ्या, पुसा.”

मागची पोरं हसली. मिस्त्रींनी आपले स्वच्छ हात एकेक बोट करत पुसले. रुमालाची घडी घालून टेबलावर ठेवली. “नियम हाय तुमचा, बरोबर हाय,” म्हणाले आणि परीक्षा न देताच निघून गेले.

पुढच्या महिन्यात मी स्कॅनरवर येणाऱ्या सगळ्या कोडांचे अर्थ मराठीत लिहून काढले. तो तक्ता घेऊन राहुरीला जाईन, पुन्हा परीक्षेला बसवीन, असं रोज ठरवायचो. त्यांना तोंड दाखवायचा धीर होईना. त्यात वर्ष गेलं.

गेलो तेव्हा वर्कशॉपमध्ये दुसरा हेडमिस्त्री होता. त्यानं घराचा पत्ता दिला. दारात त्यांच्या पत्नी आल्या. मिस्त्री दोन महिन्यांपूर्वी गेले होते. परीक्षेनंतर मालकानं काढलं, मग घरीच बसून असायचे.

मी तक्ता पुढे केला. “हे त्यांच्यासाठी केलं होतं. मराठीत आहे सगळं.”

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“मराठी कुठं वाचता यायचं त्यान्ला? उर्दू शाळेत चार बुकं शिकलेले. उर्दूत लिवलं असतं तर घडाघडा वाचलं असतं.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “त्यान्ला इचारायचं हुतं ना, साहेब.”