क्रेनवाल्याचा फॉर्म आणि कडुबाचा आवाज

बजाजनगरच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन गेली अकरा वर्षं कडुबा हिवराळे करतो. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी, दिवसभर गाडी चालवून आखडलेली पाठ घेऊन. आवाज गोड मुळीच नाही, पण शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू जातो. स्वल्पविरामाला तो थांबतो, पूर्णविरामाला श्वास घेतो आणि पोरांच्या गोंगाटात एखादं वाक्य हरवलंच, तर न चिडता पुन्हा वाचतो.

ही सवय त्याला आईनं, गोजरबाईनं लावली. ती स्वतः चाळिशीत याच विहारातल्या वर्गात अक्षरं शिकली आणि लगेच तिनं घरात कायदा केला. वीजबिल असो की शाळेचं पत्र, सहीआधी कागद मोठ्यानं वाचायचा आणि घरातल्या सगळ्यांनी ऐकायचा. मनातल्या मनात वाचणारा माणूस नको ते वाक्य गिळतो, असं तिचं ठाम मत. कडुबानं आपल्या लग्नाच्या नोंदणीचा अर्जसुद्धा साहेबापुढं खणखणीत वाचला होता. मागं तीन जोडपी ताटकळली होती आणि नवरी मेघा लाजेनं पायाच्या अंगठ्याकडं बघत होती.

क्रांती चौकातले टुरिस्ट गाड्यांचे ड्रायव्हर त्याची यथेच्छ टिंगल करत. सगळ्यात पुढं सोमनाथ. कडुबा दिसला की तो म्हणे, चला, ग्रंथ आला, आता चहाच्या कपावरचं पण वाचून दाखवंल. कडुबा हसून सोडून देई.

मग गेल्या दिवाळीत सोमनाथची गाडी हायवेवर बंद पडली. त्यानं कुणाला फोन करायच्या आत एक क्रेन हजर झाली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यानंही पुढं आलेल्या फॉर्मवर डोळे मिटून सही ठोकली. गाडी कुठल्याशा यार्डात वीस दिवस अडकली. परत आली तेव्हा बॅटरी जुनी, टायर गुळगुळीत आणि दाद मागायला गेलं की पुढं स्वतःचीच सही. शेवटी सोमनाथनं गाडी विकली आणि तो दुसऱ्याच्या गाडीवर लागला. टिंगल बंद झाली, आणि खरं सांगायचं तर कडुबाला ती शांतताच जास्त टोचायची.

कारण त्यालाही तीच भीती होती. वाळूजमधल्या एका कंपनीची बस पंधरा वर्षं हाकून त्यानं दोन वर्षांपूर्वी सात शिटांची पांढरी गाडी घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदा चावी संध्याकाळी कुणाला परत द्यावी लागत नव्हती. ती गाडी यार्डात गेली की तोही पुन्हा दुसऱ्याच्या चावीचा माणूस होणार होता.

या उन्हाळ्यात ती वेळ आली. चाळीसगावचं लग्न उरकून तो खुलताबादकडच्या एका धनगर कुटुंबाला परत आणत होता. म्हाताऱ्या आवडाबाई, दोन सुना आणि आहेराच्या पिशव्या. घाट चढताना जळका वास आला आणि माथ्यावर येताच क्लच गेला. गाडी अर्धी रस्त्यात उभी, मागं ट्रक हॉर्न देत होते. कडुबाचे हात थांबले नाहीत. सगळ्यांना खाली उतरवून कठड्यापलीकडं बसवलं, धोक्याचा लाल त्रिकोण मागं ठेवला आणि १०३३ ला, हायवेच्या मदत क्रमांकाला, फोन लावला.

गस्तीची गाडी आली. त्यातल्या माणसानं शंकू लावले आणि सगळ्यांनी मिळून गाडी ढकलून कडेला घेतली. तेवढ्यात क्रेन आलीच. फोन कुणी केला, देव जाणे. साहेबराव नावाचा जाडजूड माणूस उतरला, गाडीभोवती फिरला, जणू बाजारात बैल बघतोय. बॉनेटवर फॉर्म ठेवून त्यानं पेन पुढं केलं.

"दस्तखत कर अन् चावी दे. गाडी यार्डात जाईल. वरून हुकूम हाय."

कडुबानं हुकूम लेखी आहे का ते विचारलं. असेल तर दाखवा, वाचतो, म्हणाला. साहेबराव हसला. तो असल्या गोष्टी तोंडीच असतात म्हणाला. तेव्हा गस्तीवाला शंकू आवरता आवरता बोलला, की रस्ता मोकळा झाला, आता गाडी कुठं न्यायची ते मालकानं ठरवायचं. साहेबरावानं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा शंकू मोजायला लागला.

मग कडुबानं फॉर्म उचलला, हातभर लांब धरला आणि विहारातल्यासारखा घसा साफ केला.

"मी, खाली सही करणारा चालक, माझ्या राजीखुशीने लिहून देतो की," तो थांबला, कारण तिथं स्वल्पविराम होता. "सदर वाहन यार्डात कितीही दिवस राहिल्यास माझी तक्रार राहणार नाही. दुरुस्ती यार्ड सांगेल तेथेच होईल. वाहनाचे भाग बदलले अगर गहाळ झाल्यास त्याची जबाबदारी माझी राहील. यार्डचे समाधान होईपर्यंत वाहनाचा ताबा यार्डकडे राहील."

मागचे दोन ट्रकवाले उतरून जवळ आले होते. सुना पिशव्या सोडून उभ्या राहिल्या. आवडाबाईनं कानावरचा पदर मागं सारला.

"ते ताब्याचं पुन्हा वाच रं लेकरा."

कडुबानं पुन्हा वाचलं.

"म्हंजी कोंडवाडाच की," म्हातारी साहेबरावाला म्हणाली. "आमची शेरडं बी घालायचे कोंडवाड्यात. पण कुणाचं पीक खाल्ल्यावर. ह्याच्या गाडीनं तुझं काय खाल्लं?"

ट्रकवाले खो खो हसले. साहेबराव मात्र हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं कडुबाच्या हातातल्या कागदाकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "असं लिवलंय त्यात?"

तीन वर्षं तो त्या फॉर्मवर सह्या घेत होता आणि आत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं! यार्डवाल्यानं गठ्ठा छापून दिला, यानं वाटला. एकही ड्रायव्हर वाचत नव्हता, मग क्रेनवाल्यानं तरी कशाला वाचावा?

पण पोटाचा प्रश्न होता. त्यानं छाती काढून सांगितलं, की नेली तर यार्डातच, नाहीतर गाडी राहील इथंच. कडुबा म्हणाला, राहू दे, रस्त्याच्या बाहेर आहे, मी दुसरी क्रेन बोलावतो. ट्रकवाल्यांपैकी एकानं लगेच नंबर सांगायला सुरुवात केली आणि वर हेही सांगितलं, की हा फॉर्म आता आपण धुळ्यापासून सोलापूरपर्यंत प्रत्येक ढाब्यावर सांगणार. इथं साहेबरावानं हात टेकले.

कडुबानं छापील ओळी एकेक करून खोडल्या. कागदाच्या पाठीवर लिहिलं: गाडी बजाजनगरात मालकाच्या ओळखीच्या गॅरेजला न्यायची, भाडं ठरलं ते एवढं, वाटेत कुठं थांबायचं नाही, गाडीत आत्ता काय काय आहे ते असं असं. सगळं पुन्हा मोठ्यानं वाचलं. साहेबरावानं सही केली, मग कडुबानं. आवडाबाई एवढं पाहूनच सुनांना घेऊन खुलताबादकडच्या एस.टी.त चढल्या. चढताना त्यांनी कडुबाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

बजाजनगरला पोचायला पाच वाजले. गल्लीच्या तोंडाशी, गॅरेजपुढं, गोजरबाई उभी, तिच्यामागं मेघा, आणि बातमी ऐकून क्रांती चौकातून आलेला सोमनाथ. पांढरी गाडी क्रेनवरून खाली आली. सोमनाथ तिच्याभोवती फिरला. चारही टायरांवर त्यानं हात ठेवून बघितला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. कडुबाच्या अंगावर अभिमानानं काटा आला. सोमनाथची गाडी मात्र आता परत येणार नव्हती, हेही त्याला त्याच क्षणी लागलं.

साहेबरावानं शेवटचा कागद काढला, गाडी मिळाल्याचा. तो कडुबापुढं करणार, एवढ्यात गोजरबाईनं मधेच हात घातला. कागद उलटसुलट पाहिला आणि परत साहेबरावाच्याच हातात दिला.

"तुम्हीच वाचा, दादा. मोठ्यानं."

साहेबराव घुटमळला. गल्लीतली माणसं जमली होती. मग त्यानं कागद कडुबासारखा हातभर लांब धरला आणि अडखळत, बोट फिरवत वाचला. गाडी जशी उचलली तशी मालकाच्या ताब्यात दिली, आता क्रेनवाल्याचा तिच्यावर कसलाही हक्क नाही. शेवटच्या शब्दाशी त्याचा आवाज जरा मोकळाच झाला होता.

"झालं?" गोजरबाईनं विचारलं.

"झालं, मावशी."

"मग कर आता सही," ती लेकाला म्हणाली, आणि कडुबानं सही केली.