फ्यूजच्या जागी तार

आमच्या चाकणच्या कंपनीत सेफ्टीअण्णांइतका भित्रा माणूस नव्हता, आणि त्या भित्रेपणाचाच त्यांना पगार मिळत होता. सुरक्षेचं काम त्यांच्याकडे. रोज शिफ्ट सुरू होण्याआधी ते आम्हाला गेटवर उभं करून मनसोक्त घाबरवायचे. "फ्यूज उडला तर त्याच्या पाया पडा," ते म्हणायचे. "त्यो सोता मेला, तुमाला वाचवून गेला. आदी कारण शोधा, मग नवा बसवा."

घरीसुद्धा तेच. जेवताना वहिनींना शिकवायचे, गाडीत अडकलीस तर सीटवरची डोक्यामागची उशी उपसायची आणि तिच्या सळईनं काचेच्या कोपऱ्यावर मारायचं. वहिनी म्हणायच्या, "व्हय, पण आदी भाजी घ्या."

अशा माणसाला गाडी सजवायचं वेड असावं, हे मला कधी पटलंच नाही. रहाटणीहून मी त्यांच्याच गाडीतून कामावर जायचो. दर दसऱ्याला गाडीवर नवा दागिना चढायचा: सीटखाली निळे दिवे, दोन जादा हॉर्न, पिंपरीच्या बाजारातून आणलेलं रिमोटचं लॉक. ब्रेक दाबला की वायपर हलायचा. मी हसायचो, अण्णा रुसायचे. पुढे पुढे फ्यूज रोज उडायला लागला आणि एक दिवस उडायचा थांबला. "मिटवली राव कटकट," एवढंच अण्णा म्हणाले.

त्या खंडेनवमीला कंपनीतली पूजा उरकून आम्ही परतत होतो. वहिनी मागे, मांडीवर प्रसादाचा नारळ. मोशीजवळ प्लास्टिक जळल्याचा वास आला आणि हॉर्न आपोआप बोंबलू लागला. अण्णांनी गाडी कडेला घेतली. आम्ही दोघं बॉनेट बघायला उतरलो, तेवढ्यात चारही दारं खटकन आपोआप लॉक झाली. आत डॅशबोर्डमधून काळा धूर. वहिनी आतून काचेवर थापा मारत होत्या.

आणि अण्णा? शेकडो माणसांना आगीतून बाहेर पडायला शिकवलेले अण्णा रिमोटचं बटण दाबत राहिले. नुसतं दाबतच राहिले. मी दगड शोधत होतो, तोवर आतून काच फुटली. वहिनींच्या हातात सीटची उशी होती. आम्ही त्यांना बाहेर ओढलं. खोकत खोकत त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावरच मारलं, तुमी सांगितल्यावानी."

अण्णा रस्त्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. आमच्यामागे गाडी जळून कोळसा झाली.

दसऱ्याची सुट्टी संपून कंपनी उघडली, त्या दिवशी ते गेटवर उभे राहिले. "फ्यूज सारका उडत व्हता, म्हनून त्याच्या जागी मी तांब्याची तार घातली. ह्याच हातानं." मी हबकलो. अख्खी शिफ्ट हबकली. हा माणूस? हा? कोणी काही बोलायच्या आत त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून साहेबांच्या हातात दिली.

आता ते चाकणजवळ आपल्या गावी असतात. वहिनी बसनंच फिरतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो. निघताना अण्णा सोडायला आले आणि माझ्या गाडीच्या काचेला नवा बसवलेला कॅमेरा बघून थबकले. "चावी दे." फ्यूजच्या डबीचं झाकण उघडून त्यांनी एकेक फ्यूज बोटानं चाचपला. झाकण लावलं.

"मागं कोन बसतं?"

"लेक."

त्यांनी झाकण पुन्हा उघडलं.