शिंगाड्याचे केक

उत्तराला पाचवं लागलं तरी ती तीन वर्षांची वाटायची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, आणि पोळी खाल्ली की परसाकडे धाव. वाडीतल्या दोन खोल्यांत तिचे आईबाप राहत, सोबत आजी प्रयागबाई. बाप मधुकरराव ट्रकांच्या गोदामात कामाला होते. नात्यातल्या बायका यायच्या, पोरीकडे पाहायच्या. कोणी दृष्ट म्हणे, कोणी आईच्या दुधातच खोट काढी. उत्तराची आई प्रेमलता ते ऐकायची आणि पोरीला ताकद यावी म्हणून दुधात आणखी एक पोळी कुस्करून भरवायची.

शेवटी शहरात रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "हिला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्कीट, सगळं कायमचं बंद. आणि बाई, यात तुमचं काही चुकलेलं नाही."

बाहेरच्या बाकावर बसून प्रेमलता पदरात तोंड खुपसून रडली. मधुकरराव गांगरले.

"काहून रडून राहिली? औषध तर सापडलं ना."

"माह्या दुधात खोट नव्हती," एवढंच ती म्हणाली.

घरात ज्वारी होतीच. गिरणीचं पीठ प्रयागबाईंना कधी आवडलं नाही, त्या ज्वारी घरच्या जात्यावरच दळत; गहू तेवढा गिरणीत जाई. भाकरी आणि भातावर पोर दिवाळीपर्यंत अशी भरली, की जुने फ्रॉक दंडाला काचू लागले.

मग शेजारच्या कुसुमताईंच्या मुलाचा वाढदिवस आला. सगळी पोरं मलईचा केक खात होती. उत्तरा केळं घेऊन कोपऱ्यात बसली. रडली नाही. घरी येताना मात्र तिनं विचारलं, "आई, मोठी झाल्यावर मले चालन का केक?"

दुसऱ्याच दिवशी प्रेमलतानं गिरणीतून तांदूळ अगदी बारीक दळून आणले. अंडी, साखर, लोणी, दही, चिमूटभर सोडा घालून पीठ फेटलं, स्टीलच्या वाट्यांत ओतलं. पातेल्यात वाळू तापवून त्या आत ठेवल्या आणि झाकणावर निखारे घातले. केक जरा भुसभुशीत झाले, पण उत्तरानं चाटूनपुसून खाल्ले. संध्याकाळी तिचं पोट फुगलं आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. प्रेमलतानं तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे धाव घेतली. गहू तर घातलाच नव्हता. म्हणजे आता पोरीला तांदूळही सोसेना?

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "पीठ कुठं दळलं?"

"गिरणीत."

"तुमच्या आधी तिथं काय दळलं होतं?"

प्रेमलताच्या डोळ्यांसमोर गिरणीतली गव्हाच्या डब्यांची रांग उभी राहिली. त्यांचंच पीठ जात्यात राहून तांदळात मिसळलं होतं. तांदळाचा दोष नव्हता.

घरी आल्यावर ती प्रयागबाईंना म्हणाली, "आई, आता केकाचं नाव नको."

प्रयागबाई जात्याजवळ सरकल्या. "नाव काहून नको वं? मी दळून देतो. वाळले शिंगाडे बी आण, त्याच्यानं पीठ धरून राहते."

पौषात उत्तराचा वाढदिवस होता. तांदूळ आणि कुटलेले शिंगाडे प्रयागबाईंनी दळले, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळले. या वेळी केक फुगले, वाट्यांतून अलगद सुटले, तुटले नाहीत. प्रेमलतानं प्रत्येकाच्या मधोमध चमच्यानं खळगा केला, थंडीत छान घट्ट झालेली साय साखरेत घोटून भरली आणि काढलेला तुकडा टोपीसारखा वर बसवला. पोरं आली. उत्तरानं स्वतः ताटली फिरवली, मग सगळ्यांच्या मधे बसून दोन खाल्ले. ओठावर सायीची मिशी.

प्रेमलतानं मात्र एकही तोंडात घातला नाही. तिचा सारा जीव पोरीच्या पोटाशी होता.

सकाळी उत्तरा उठली, अंगणात जाऊन आली आणि चुलीपाशी बसली. "आई, भूक लागली." प्रेमलतानं तिच्या पोटावर हात फिरवला. मऊ होतं. तिनं भाकरी थापायला घेतली, पण तिचे डोळे मिटू लागले.

"बाजूले सर, मी करतो," म्हणत प्रयागबाईंनी परात ओढून घेतली.

त्या दुपारी प्रेमलता आडवी झाली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. कुसुमताई केक कसा केला ते विचारायला आल्या, तर प्रयागबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "उद्या ये माय," त्या हळूच म्हणाल्या. "लई दिवसांनी झोपली हाये ते."