ती बाई पोचली का?

दुष्काळाच्या वर्षांत आमचं फिल्म मंडळ येडशीला सोसायटीच्या रिकाम्या गोदामात परदेशी सिनेमे दाखवायचं. मंडळाच्या अंकात मी परीक्षणं लिहायचो. एकदा एक म्हातारा मेंढपाळ आला. पडद्याला नमस्कार करून तो घोंगडीवर पुढंच बसला. आजारी लेकराला घेऊन बर्फातून चालणाऱ्या बाईवर सिनेमा संपला. त्या मोकळ्या शेवटाचं मी तोंडभर कौतुक लिहिलं.

पुढच्या बाजारी त्यानं मला गाठलं.

"साहेब, ती बाई पोचली का घरला?"

"बाबा, ते बघणाऱ्यानं ठरवायचं असतं."

"आमी काय ठरवावं? लेकरू तापानं फणफणलं व्हतं."

"पोचली," मी म्हणालो.

"व्हय?"

"व्हय."

तो मेंढरांकडं वळला. मोकळ्या शेवटांवर मी पुढंही लिहिलं, पण ती बाई तेवढी घरी पोचलेली आहे.